दोष केळीचा

रविवार, १४ सप्टेंबर

द्वारकेच्या चौकाजवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं, तोंड कधी लाल होतं, पोट कधी धावतं, त्याआधी काय खाल्लं होतं, ते रोज लिहून ठेवा. मी म्हटलं, मला अक्षर येत नाही. तो म्हणाला, घरात कुणाला येतं? मी सुनेकडं बोट केलं. मनीषा बारावी झालेली आहे. ते तिनं लग्नाच्या बोलणीत सांगितलं होतं आणि त्यानंतरही अधूनमधून सांगत असते. आता कुठं कामाला आलं.

तर मी बोलणार, ती लिहिणार. तशी मी इतकी वर्षं बोलतेच आहे. पण आता तिला ऐकावं लागणार. (हे पण लिही गं. गाळू नको.)

मी रंगूबाई. मखमलाबादच्या अलीकडं आमचा मळा आहे. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब, बांधाच्या कडेनं थोडे टोमॅटो आणि वांगी. फुलं मी पंचवटीच्या फूलबाजारात विकते. तिथं मला लाल आजी म्हणतात. दीड-दोन वर्षांपासून माझं तोंड एकाएकी पेटतं. गळ्यापासून सुरू होतं ते कपाळापर्यंत चढतं, कुणी कुंकू फासल्यासारखं. घाम येत नाही. जरा वेळानं आपोआप उतरतं. गिऱ्हाइकं म्हणतात, "आजी, काय तेज हो या वयात!" मी म्हणते, "झेंडू खाते."

डॉक्टर लय झाले. एक म्हणाला उष्णता. एक म्हणाला पित्त. एक म्हणाला, पाळी जाताना असं होतं. त्याला म्हटलं, बाबा, माझी पाळी गेली तेव्हा तू शाळेत असशील. छातीत घरघर व्हायला लागली तेव्हा आणखी एकानं दम्याचा पंप दिला. या पोरगेल्या डॉक्टरनं मात्र पोट दाबलं, दाबताना माझं तोंड पेटलं, तर हात तसाच ठेवून माझ्याकडं बघत राहिला. मी म्हटलं, "एवढं टक लावून मला लग्नानंतर कुणी पाहिलं नव्हतं." तो हसला नाही. तेवढं मला आवडलं नाही.

बुधवार, १७ सप्टेंबर

आज तोंड लाल झालं ते असं. एकदा फुलांची पाटी उचलताना, एकदा ठेचा खाल्ल्यावर, एकदा मनीषा बोलल्यावर.

ती म्हणाली, "आई, बाजारात आता मी बसत जाऊ का? तुमचे पाय बघा किती सुजलेत."

बाजारात माझी जागा म्हणजे एक गोणपाट आणि मागं भिंत. त्या गोणपाटावर आधी माझी सासू बसायची, तिच्या आधी तिची सासू. आमच्या ओळीतल्या सगळ्या बायांचं तसंच. सासू गेली की तेराव्यानंतर सून बसते. त्याआधी नाही. नवी सून बसलेली दिसली की गिऱ्हाईक न विचारता समजतं आणि दोन शब्द दुःखाचे बोलून मग भाव करतं.

म्हणून मी मनीषाला म्हटलं, "बस ना. मला जाळून ये, मग बस."

ती स्वयंपाकघरात निघून गेली. नंतर हे लिहायला परत आली, म्हणजे फार राग नसावा.

खरं सांगायचं तर बसवत नाही. सारखं उठावं लागतं. बाजारातला संडास लांब आहे आणि वाटेत सगळे ओळखीचे. शेजारची भागीबाई हार विकते, ती माझी जागा सांभाळते. परवा म्हणाली, "रंगूबाई, तू बसतेस कमी आणि पळतेस जास्त." मी म्हटलं, "तेवढंच वजन उतरतंय." वजन खरंच उतरलंय. बांगड्या कोपरापर्यंत जातात.

सोमवार, २२ सप्टेंबर

घट बसले. माझा नऊ दिवसांचा उपवास. डॉक्टरला सांगितलं तर त्यानं कपाळाला हात लावला. मी म्हटलं, देवीला तू सांगून बघ.

त्याला लघवीची तपासणी पाहिजे. साधी नाही, अख्ख्या दिवस-रात्रीची सगळी एका कॅनमध्ये साठवायची. मनीषा मळ्यात होती, माझ्याबरोबर समाधान आलेला. माझा मुलगा. तो फोनवर झेंडूचा भाव बोलत होता. नर्सबाईनं मला समजावलं, तीन दिवस आधीपासून केळी, टोमॅटो, वांगी, अननस, अक्रोड काही खायचं नाही. मी म्हटलं, "बाई, नवरात्र आहे. दसऱ्यापर्यंत मी अन्नालाच शिवत नाही." ती म्हणाली, मग उत्तमच.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

सकाळी पहिली वेळ सोडून द्यायची, मग दुसऱ्या सकाळपर्यंत सगळं जमा. कॅनच्या तळाशी ॲसिड आहे, शिंतोडा उडू द्यायचा नाही. आणि कॅन गार ठेवायचा.

मनीषा म्हणाली, "फ्रीजमध्ये नाही हं आई. दूध आहे तिथं."

"मग कुठं ठेवू? उशाशी?"

शेवटी थर्माकोलच्या खोक्यात ठेवला, ज्यात बर्फ घालून आपण गुलाब बाजारात नेतो. वर गोणपाट टाकलं. आमचे हे, म्हणजे खंडेराव, पोरांचे आप्पा, दुपारी येऊन म्हणाले, "आज गुलाब तोडला का?" मी म्हटलं, "उघडून वास घ्या." उघडलं त्यांनी. नंतर बराच वेळ मळ्यात काहीतरी काम काढून बसले होते.

हसून हसून पोट दुखलं. मग वेगळं दुखलं. मनीषानं पाठीवर हात फिरवला. तिला म्हटलं, तू लिही, पाठ राहू दे.

सोमवार, २९ सप्टेंबर

आज लय थकलेय पण आनंदाची गोष्ट आहे म्हणून सांगते.

लघवीत काहीतरी खूप वाढलेलं निघालं. डॉक्टर गंभीर झाला. मग त्यानं परत विचारलं, त्या दिवसांत काय काय खाल्लं? मी म्हटलं, काही नाही, उपवास. मनीषा शेजारी होती. ती हळूच म्हणाली, "आई, केळी?"

आता केळी काय खाणं आहे का? उपवासाला केळी नाही खायची तर काय दगड खायचे? शिवाय केळ्यानं पोट बांधलं जातं म्हणून मी वर्षभर औषधासारखी खातेय, सकाळी दोन, संध्याकाळी दोन. औषधाला खाणं कोण म्हणतं!

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. म्हणाला, लघवीत जे शोधतो, तेच केळ्यामुळं पण वाढतं. हा रिपोर्ट धरता येणार नाही. दसऱ्यानंतर परत करू.

म्हणजे दोष केळीचा! मी इतकी हलकी झाले की खुर्चीवरून उठताना घरघर पण झाली नाही. त्याला म्हटलं, "मग आता परत कशाला? केळी सोडते, झालं."

सोनोग्राफी पण केली. तो गार चिखल पोटाला लावून. ते झाल्यावर डॉक्टरनं समाधानला आणि मनीषाला आत बोलावलं, मला बाहेर बसवलं. बाहेर आली तेव्हा मनीषाचे डोळे लाल. मी म्हटलं, "माझी साथ तुला लागली का?" म्हणाली, धूळ गेली. द्वारकेच्या चौकात धूळ असतेच. पण आपण तेव्हा दवाखान्याच्या आतच होतो ना गं?

ती म्हणतेय, पुढं सांगा.

बुधवार, १ ऑक्टोबर

खंडेनवमी. विळे, खुरपी, तराजू, हार गुंफायच्या सुया, सगळ्यांना हळदकुंकू लावलं.

घरात काहीतरी बिघडलंय. आमचा म्हातारा दोन दिवस भांडत नाही. मी म्हटलं, चहा पाण्यासारखा झालाय, तर प्यायले. कान पार गेले वाटतं. समाधाननं डाळिंबं आणली, न सांगता. नात पिंकी, एवढीशी, माझं तोंड लाल झालं की "आजीचा सिग्नल पडला!" म्हणून ओरडते, तिला तिच्या आईनं आज दटावलं. पोरगी रडली. मी म्हटलं, ओरडू दे की, मला तरी कसं कळणार?

मनीषानं माझ्या पायाला तेल लावलं. मी मागितलं नव्हतं. म्हटलं, "मने, काय पाहिजे तुला? गोणपाट?"

तिनं तेलाची वाटी बाजूला ठेवली, हात पुसले आणि वही उघडली. नुसतं लिहितेय.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

काल दसरा. काल सांगायचं त्राण नव्हतं.

पहाटे टेम्पोत झेंडू भरून गेलो. बाजार तुडुंब. सगळ्यांना सांगितलं, माझं दुखणं केळीचं होतं. भागीबाई म्हणाली, "मग आता लाल आजीला काय म्हणायचं?" हसलो. तोरणाला फुलं, गाडीला हार, पाटी संपली की दुसरी. वजनावर मी नेहमी चार फुलं वर टाकते, सासूची शिकवण. टाकत होते. मग एक वाकून उचलताना तोंड पेटलं ते उतरेचना. छातीत शिट्टी वाजायला लागली. पोट म्हणालं, चल. उठले, पण पाय जागेवर नव्हते. भिंत धरून गेले, भिंत धरून आले.

परत आले तर गोणपाटावर मनीषा.

तिला मी येऊ नको म्हटलं होतं. ती पिंकीला शेजारी ठेवून रिक्षानं आली होती. बसून मापत होती आणि वर चार फुलं टाकत होती. एक बाई तिला म्हणत होती, "अगं बाई, आजी गेल्या का? कधी?"

मी मागं उभी होते. म्हटलं, "अजून नाही. तुमचं तोरण झालं की जाईन."

ती बाई दचकली. मनीषा उठायला लागली. मी तिला सगळ्यांसमोर बोलले. काय बोलले ते तिला लिहायचं नाहीये आणि मला पण परत सांगायचं नाहीये. भागीबाईनं मला पाण्याची बाटली दिली आणि म्हणाली, "रंगूबाई, पोरगी तुझ्या पाट्या उचलायला आलीय, तुझी जागा नाय."

उरलेला वेळ मी बसले आणि तिनं पाट्या उचलल्या. घरी येताना टेम्पोत मला तिच्या खांद्यावर झोप लागली. तिनं खांदा हलवला नाही.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

परत कॅन. मी नाहीच म्हणत होते. मनीषा म्हणाली, "तुमचं म्हणणं खरं असेल तर रिपोर्ट चांगला येईल ना? मग डॉक्टरला तोंडावर सांगू."

चांगली बोलते कधीकधी.

यावेळी केळी नाही. टोमॅटो नाही. बांधावर वांगी लटकलीत, काटेरी, छोटी, भरायला अशी, आणि मी भात-मुगाची डाळ खाते. म्हाताऱ्यानं पण खाल्ली नाहीत. म्हणाले, घरात वांगं शिजलं की तुला वास येईल. लग्नाला किती वर्षं झाली आणि आता ह्यांना वासाची काळजी सुचली.

पोट तरी पळतंच आहे. केळी सोडून आठवडा झाला. लिहायला सांगितलंय म्हणून सांगते. रात्री पण उठले. तोंड पण झालं लाल, आरशात नाही बघितलं, आतून कळतं.

जुनी केळी अजून पोटात असतील.

सोमवार, १३ ऑक्टोबर

आधीच्यापेक्षा जास्त निघालं.

डॉक्टर बोलत होता आणि मी त्याच्या टेबलावरच्या काचेखालचा देवाचा फोटो बघत होते. आता केळीला काय म्हणू? ती तर नव्हतीच. इतके दिवस तिच्यावर ढकललं.

घरी आल्यावर मनीषाला म्हटलं, वही घे. तिनं घेतली, उघडली, आणि मिटली. म्हणाली, "आई, आज आधी मी बोलते." समाधान दारात होता, म्हणाला, "मनीषा, नको." ती म्हणाली, "यांच्या तोंडचं मी रोज लिहितेय. माझ्या हातानं लिहायचं की दोष केळीचा, आणि मला माहीत असायचं. मला नाही जमत."

मग तिनं सांगितलं. सोनोग्राफीतच दिसलं होतं. माझ्या लिव्हरवर डाग आहेत, बरेच. मूळ गाठ बारक्या आतड्यात असावी, तिथून तिची पिल्लं वर गेलीत. कॅन्सरच, पण सावकाश वाढणारा. ती गाठ अंगात रस सोडते, तोच तोंड पेटवतो, पोट पळवतो, छातीत शिट्टी वाजवतो. नाव आहे कार्सिनॉइड सिंड्रोम. हे तिनं लिहिलंय, मला म्हणता येत नाही आणि म्हणायची घाई पण नाही.

मी विचारलं, "कुणाकुणाला माहीत होतं?"

"आप्पांना. यांना. मला."

म्हणजे म्हाताऱ्याचे कान शाबूत आहेत.

मी समाधानला म्हटलं, "मला वाचता येत नाही. समजत नाही असं कुणी सांगितलं तुला?" तो खाली बसला आणि लहानपणी रडायचा तसा रडला, नाक ओढत. त्याला गप्प करायचं काम पण मलाच करावं लागलं.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

आज काही नाही. लिही, काही नाही.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

मोठा स्कॅन झाला. शिरेतून काहीतरी घालतात आणि गाठी दिव्यासारख्या उजळतात म्हणे. पोटात दिवाळी आधी आली. लिव्हरमधला सुईएवढा तुकडा पण काढला. हृदयाची पण सोनोग्राफी, उजवीकडच्या झडपा थोड्या जाड झाल्यात, पाय त्यानंच सुजतात. हे सगळं त्या रसाचं काम.

डॉक्टरला विचारलं, "कापून काढ ना." म्हणाला, सगळ्या निघणार नाहीत. पण रस थांबवायचं इंजेक्शन आहे. महिन्यातून एकदा कमरेखाली, जाड सुई. त्याचा असर यायला दिवस लागतात, तोपर्यंत बारीक सुई रोज घरी, पोटावर. वर्षं मिळतात, म्हणाला. किती ते मी विचारलं नाही. तो सांगायला बघत होता, मी चप्पल शोधायला लागले.

जाड सुई काल झाली. बारीक सुई कोण देणार, असं नर्सबाई विचारत होती. मनीषा म्हणाली, मी. तिला दाखवलं. चिमटीत कातडी धरायची, सरळ घालायची. मी म्हटलं, "बघ हं, हार गुंफशील माझ्यात."

तिनं चिमटी धरली, सोडली, परत धरली, परत सोडली. माझ्यावर सूड उगवायची एवढी चांगली संधी, आणि ही चिमटी सोडते. मी तिची चिमटी माझ्या हातानं धरली. म्हटलं, शेवंती धरतेस तशी धर, देठ मोडणार नाही अशी. मग नीट गेली.

रविवार, १९ ऑक्टोबर

पोट आज शांत. फक्त दोनदा. असं शेवटचं कधी झालं होतं आठवत नाही. ठेचा खाऊन बघितला. काही पेटलं नाही. पिंकी समोर बसून वाट बघत होती. शेवटी म्हणाली, "आजी, तुझा सिग्नल बंद पडला."

आरसा मागितला. आत एक पिवळी म्हातारी. गालांवर काही नाही, नुसती हाडं आणि सुरकुत्या. मी तिला ओळखलं, पण जरा वेळ लागला. एवढे दिवस लोक ज्याला तेज म्हणत होते ते दुखणं होतं, आणि मी मान ताठ करून फिरत होते. हे हसण्यासारखं आहे. मनीषा हसत नाहीये. अगं हस.

उद्या-परवा लक्ष्मीपूजनाचा बाजार. फुलं तोडायला आली आहेत. मला अंगणापर्यंत जाऊन आलं तरी दम लागतो.

संध्याकाळी कोपऱ्यातून गोणपाट काढलं, झटकलं. एका कडेला फाटलंय, ते टाचून दे म्हटलं. मनीषा टाचत होती. टाचून झाल्यावर मला परत द्यायला लागली.

म्हटलं, "ठेव. टेम्पोत तुझ्याच पाटीवर ठेव."

ती म्हणाली, "आई, असं नाही करत कुणी."

"माहीत आहे. मलाच सांगतेस?"

मंगळवार, २१ ऑक्टोबर

दिवसभर ओट्यावर बसून होते. हे मला पाणी देत होते आणि चहा पाण्यासारखा केला म्हणून भांडले पण. बरं वाटलं.

पूजेच्या जरा आधी टेम्पो आला. पाट्या रिकाम्या. मनीषाच्या केसांत झेंडूच्या पाकळ्या, आवाज बसलेला. पूजा झाली, जेवणं झाली, मी तिला म्हटलं, वही घे.

"आज राहू द्या आई, थकलेय."

"म्हणूनच. आज मी नाही सांगणार. तू सांग, मी ऐकते."

"मग लिहायचं कशाला? माझं मलाच?"

"लिही. मला ऐकायचंय आणि लिहिलेलं पण असायला पाहिजे."

ती सांगतेय ते असं. सकाळी भागीबाईनं तिला बघितलं आणि हातातला हार खाली टाकला. मग कळल्यावर शिव्या दिल्या, घाबरवलंस म्हणून. भाव पहाटे चढा होता, दुपारी पडला. शेवंती आधी संपली.

"वर चार फुलं टाकलीस?"

"टाकली. एकीनं पाच उचलली, मी बघितलं नाही असं केलं."

"बरोबर केलंस."

मग एक म्हातारे आले, दरवर्षी तिजोरीला वाहायला फुलं नेतात ते, पांढरी टोपी. माझ्याशी भाव न करता घेणारे तेवढे एकच. गोणपाटावर सून बसलेली बघितली आणि टोपी काढून उभे राहिले. म्हणाले, लाल आजी कधी गेल्या?

"मग तू काय म्हणालीस?"

मनीषा पेन थांबवून माझ्याकडं बघतेय.

"म्हटलं, लाल नाही राहिल्या आता. पण आहेत."